टचलाइनबाहेरचं शिक्षण

फुटबॉल प्रशिक्षकाच्या लायसन्सची प्रात्यक्षिक परीक्षा मैदानावरच होते. उमेदवाराला एक विषय दिला जातो. उदाहरणार्थ, समोरचा संघ आपल्या बचावफळीतून छोटे पास देत पुढे सरकतोय. त्याला मैदानाच्या मधल्या पट्ट्यात गाठून चेंडू हिसकावून घ्यायला खेळाडूंना शिकवा. उमेदवार कोन मांडतो, बिब वाटतो, किती जण कुठे उभे राहतील ते ठरवतो आणि शिट्टी वाजवतो. खेळ सुरू होतो. चूक दिसली की त्यानं ‘स्टॉप’ म्हणून ओरडायचं; सगळे जिथल्या तिथे थांबतात. मग चुकलेल्या खेळाडूजवळ जायचं. तो कुठे उभा होता, कुठे असायला हवा होता, अंग कोणत्या बाजूला वळलेलं हवं होतं, हे थोडक्यात दाखवायचं, एकदा चालत-चालत करून घ्यायचं आणि खेळ पुन्हा सोडायचा. कडेला परीक्षक वही घेऊन उभा असतो. योग्य क्षणी थांबवलं का? खरी चूक हीच होती का, की तिचं मूळ तीन पास आधी दुसऱ्याच कुणाकडे होतं? बोलणं लांबलं का? खेळाडूंना ते कळलं का, की त्यांनी नुसती मान डोलावली?

देशाकडून खेळलेले भलेभले इथे अडखळतात, आणि त्यात नवल नाही. पंधरा वर्षं उजव्या बगलेला बचाव केलेल्या माणसाला समोरचा विंगर आत वळणार की लाइनीनं पळणार, हे त्याच्या खांद्यावरून कळतं. पाय आधी हलतो, विचार मागून येतो. पण हे त्याला कधी शब्दांत मांडावं लागलेलं नसतं. शिवाय इतकी वर्षं त्यानं सामना पाहिला तो मैदानाच्या एका कडेवरून. पलीकडे दोन मिडफिल्डरांमध्ये पडलेली फट त्याला दिसत नव्हती, दिसायची गरजही नव्हती. कोच झाल्यावर मात्र अकरा जागांवरून खेळ पाहावा लागतो, आणि जे पाहिलं ते वीस वर्षांच्या पोराला दोन वाक्यांत उमजेल असं सांगावं लागतं. खेळाडू म्हणून कमावलेलं ज्ञान वाया जात नाही, पण ते आहे तसं वापरताही येत नाही. ते सुटं करून नव्यानं जुळवावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात. ती वर्षं कुठे काढायची, त्या काळातल्या पराभवांचा भार कोण सोसणार, यावरच एखाद्या देशात स्वतःचे कोच तयार होतात की नाही हे ठरतं, असं मला वाटतं.

आशियात या शिक्षणाची ठरलेली शिडी आहे: एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं डी, मग सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. भारतात बरेचसे अभ्यासक्रम अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, म्हणजे एआयएफएफ घेतो. खालच्या पायऱ्यांवर लहान मुलांना चेंडूशी मैत्री कशी करून द्यायची ते असतं. बी आणि ए पर्यंत आलं की अकरा-अकरांच्या खेळाची रचना येते. प्रो मध्ये मैदानाबाहेरचं बरंच काही येतं: हंगामाचं नियोजन, मालकांशी बोलणी, पत्रकारांना सामोरं जाणं, फिजिओपासून व्हिडिओ अॅनालिस्टपर्यंतची माणसं एका दिशेनं चालवणं. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघावर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. माझ्या दृष्टीनं वर्गातल्या तासांपेक्षा ही अट जास्त मोलाची आहे.

युरोपातही शिडी अशीच आहे. इटलीत फ्लोरेन्सच्या कडेला कोव्हर्चानो इथे तिथल्या महासंघाचं केंद्र आहे. इटलीतले वरच्या पातळीवरचे कोच तिथूनच लायसन्स घेऊन बाहेर पडतात आणि शेवटी त्यांना एक प्रबंध लिहावा लागतो. कार्लो अँचेलोटी यांनी तिथे लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता फुटबॉलचं भविष्य आणि त्यात वाढत जाणारी गतिमानता. आज कोच म्हणून पाच चॅम्पियन्स लीग जिंकलेला हा एकमेव माणूस. पण सुरुवातीच्या काळात त्यांच्या हातून जे घडलं ते मला या पाच करंडकांपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं.

अँचेलोटी 1987 ते 1992 एसी मिलानच्या मधल्या फळीत खेळले. त्यातला बहुतेक काळ कोच होते आरिगो साक्की. साक्की स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नव्हते; वडिलांच्या बुटांच्या कारखान्याचा माल विकत होते. कधी न खेळलेला माणूस शिकवणार काय, अशी टीका झाली तेव्हा, घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. त्यांची 4-4-2 ची रचना, म्हणजे चार बचावपटू, चार मिडफिल्डर आणि दोन आघाडीवीर, अशी घट्ट बांधलेली होती की चेंडू हलला की सगळा संघ एकत्र हलायचा. या संघानं 1989 आणि 1990 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. निवृत्त झाल्यावर अँचेलोटी इटलीच्या राष्ट्रीय संघात साक्कींचेच सहायक झाले आणि 1994 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत त्यांच्यासोबत राहिले. 1995 मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीतला रेजियाना हा क्लब हाती घेतला आणि एका हंगामात त्याला सेरी ए मध्ये चढवलं.

मग 1996 मध्ये ते पार्माला आले. संघात जानफ्रांको झोला होता. मोकळं सोडलं तर दोन फळ्यांच्या मध्ये शिरून सामना फिरवणारा खेळाडू. पण 4-4-2 मध्ये अशा खेळाडूला जागा नसते. अँचेलोटींनी त्याला डाव्या बगलेला उभं केलं. झोला तिथे कोमेजला आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर इंग्लंडमध्ये चेल्सीला निघून गेला. पुढच्या वर्षी रॉबेर्तो बाजो पार्माला येण्याच्या तयारीत होता. त्याला आघाडीवीराच्या मागे मोकळी जागा हवी होती. अँचेलोटींनी नकार दिला, कारण त्याच्यासाठी रचना मोडावी लागली असती. बाजो बोलोन्याला गेला आणि 1997-98 च्या लीग हंगामात त्यानं 22 गोल मारले.

निकालांच्या हिशेबानं पार्मा वाईट खेळत नव्हता. 1996-97 मध्ये युव्हेंटसच्या मागोमाग तो दुसरा आला होता. म्हणूनच हा दोष पटकन दिसत नाही. नवा कोच आपल्याला ज्या पद्धतीनं जिंकवलं तीच पद्धत खरी मानतो. ती त्याच्या अंगात मुरलेली असते आणि तिच्या बाहेर पाऊल टाकायला त्याला भीती वाटते. त्या काळात आपण फार ताठर होतो, हे अँचेलोटींनी पुढे अनेकदा मान्य केलं आहे. युव्हेंटसमध्ये झिदानसारखा खेळाडू समोर आला तेव्हा त्यांना रचना खेळाडूभोवती वळवावी लागली. मिलानला कोच म्हणून परतल्यावर तर त्यांनी आंद्रेया पिर्लोला आघाडीच्या मागून काढून थेट बचावफळीच्या पुढे आणून बसवलं. ब्रेशियात कार्लो माझोने यांनी हा प्रयोग आधी करून पाहिला होता. अँचेलोटींनी त्यावर अख्खा संघ उभा केला. समोरचे खेळाडू वर गुंतलेले असताना पिर्लोला खाली दोन क्षण जास्त मिळू लागले, आणि तेवढ्या वेळात तो चाळीस मीटरचा पास शोधून काढायचा. त्या मिलाननं 2003 आणि 2007 ची चॅम्पियन्स लीग जिंकली. साक्कींच्या शिष्याला साक्कींच्या चौकटीतून बाहेर यायला तब्बल पाच-सहा वर्षं लागली, आणि ती पार्मा आणि युव्हेंटस या क्लबांच्या जिवावर मिळाली.

पिर्लोच्या वाट्याला मात्र ती आली नाहीत. 2020 च्या जुलैअखेर युव्हेंटसनं त्याला आपल्या 23 वर्षांखालील संघाचा कोच नेमलं, आणि दहा दिवसांच्या आत मुख्य संघच त्याच्या हवाली केला. तोवर कोच म्हणून त्यानं एकही सामना हाताळलेला नव्हता. कोव्हर्चानोतला त्याचा प्रबंध सप्टेंबरात, नेमणुकीनंतर सादर झाला. लागोपाठ नऊ वर्षं लीग जिंकणारा युव्हेंटस त्या हंगामात चौथा आला. इटालियन कप आणि सुपर कप जिंकूनही मे महिन्यात पिर्लोला जावं लागलं. मैदानावर त्याच्याइतकं दूरचं पाहणारे त्याच्या पिढीत फार थोडे असतील.

इंग्लंडच्या गॅरी नेव्हिलचंही असंच झालं. मँचेस्टर युनायटेडकडून आयुष्यभर खेळलेला, टीव्हीवर सामन्याचं विश्लेषण अतिशय बारकाईनं करणारा हा माणूस 2015 च्या डिसेंबरात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा कोच झाला. स्पॅनिश येत नव्हतं. बार्सिलोनाकडून 0-7 असा पराभव झाला, आणि मार्च संपायच्या आत काम सुटलं. उलट पेप ग्वार्डिओला यांनी 2007 मध्ये बार्सिलोनाचा ब संघ स्पेनच्या चौथ्या श्रेणीतून वर काढला आणि मगच मुख्य संघाला हात लावला. शाबी अलोन्सो यांनी रेआल माद्रिदच्या 14 वर्षांखालच्या मुलांपासून सुरुवात केली, मग रेआल सोसिएदादच्या ब संघावर तीन वर्षं काढली. तो संघ दुसऱ्या श्रेणीत चढला आणि पुढच्याच वर्षी घसरलाही. या घसरणीनंतर काही महिन्यांत, ऑक्टोबर 2022 मध्ये, त्यांनी तळाशी अडकलेला बायर लेव्हरकुसेन स्वीकारला आणि 2023-24 मध्ये लीगमधला एकही सामना न हरता त्याला पहिल्यांदाच बुंडेसलिगा जिंकून दिली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत फुटबॉल अनेक दशकं कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या आधारावर चालला. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडू सकाळी सराव करायचा, दुपारी हजेरी लावायचा आणि गुडघ्यानं साथ सोडली की खुर्चीवर जाऊन बसायचा. पगार चालू, बढती चालू, निवृत्तिवेतनाची सोय. घरच्यांच्या दृष्टीनं याहून चांगलं काही नव्हतं आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण यामुळे कूपरेजच्या मैदानावर वीस-वीस वर्षं घासून तयार झालेली खेळाची समज फायलींमध्ये गाडली गेली. कोच व्हायला पोटाची निकड नव्हती आणि कोचिंगमध्ये पैसा नव्हता. बिमल घोष यांच्यासारखे, एअर इंडियाचा संघ वर्षानुवर्षं घडवणारे, अपवाद. त्यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

कोल्हापुरातली तऱ्हा वेगळी. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांचा सामना असला की गावातली कामं थांबतात. तालमीत वस्ताद हा एकेकाळचा पैलवानच असतो, आणि मातीतून बाहेर आलेल्यानं पोरांना तयार करायचं हे तिथे न सांगता ठरलेलं असतं. फुटबॉलमध्येही मंडळाचा जुना खेळाडूच पोरं हाताशी धरतो. ही शिकवण्याची परंपरा अस्सल आहे. तिच्याजवळ नाही ती शिडी. मंडळाच्या वस्तादाला राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर नेणारा रस्ता कुणी बांधलेला नाही.

खासगी क्लब आले आणि मुंबईतली नोकरीची व्यवस्था विरत गेली, त्या सांध्यावर खालिद जमील उभे होते. जन्म 1977 चा, कुवेतमधला. मधल्या फळीत खेळणारे. महिंद्रा युनायटेड, मग काही वर्षं एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा. भारताकडूनही खेळले. महिंद्रानं 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली तेव्हा ते संघात होते. त्या संघाचे कोच होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटू, ज्यांनी पुढे पुणे एफसीला 2012-13 मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या उपविजेतेपदापर्यंत नेलं. 2007 मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला तेव्हा जमील तिकडे गेले. दुखापतींनी मात्र पाय रोवू दिले नाहीत. 2009 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी खेळणं थांबवलं आणि त्याच क्लबचे मुख्य कोच झाले.

एकाच ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूच्या बाकावरून उठून फळ्यासमोर उभं राहणं ही अवघड गोष्ट आहे. काल ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो त्याला आज, तू शनिवारी खेळणार नाहीस, असं सांगावं लागतं. पंचवीस जणांच्या ताफ्यातून अकरा निवडले की चौदा जण नाराज. त्या चौदांनी सोमवारी पुन्हा जीव तोडून सराव करावा, ही जबाबदारीही कोचचीच. इंग्लंडमध्ये एके काळी एकच माणूस खेळाडूही असायचा आणि मॅनेजरही. लिव्हरपूलच्या केनी डल्ग्लिश यांनी 3 मे 1986 ला स्टॅमफर्ड ब्रिजवर स्वतः गोल मारून आपल्याच संघाला लीग मिळवून दिली. आजच्या वेगात ते जमणारं नाही. दोन सामन्यांमधला आठवडा आता दिवसागणिक आखलेला असतो: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळलेल्यांना विश्रांती आणि न खेळलेल्यांना मेहनत, मधल्या दोन दिवसांत सगळ्यात जड सराव, आदल्या दिवशी फक्त थोडी धावाधाव, कॉर्नर आणि फ्री किक. त्याच्या आधी प्रतिस्पर्ध्याचे सामने पाहून व्हिडिओचे तुकडे काढायचे. तासभर दाखवलं तर खेळाडूंच्या डोक्यात काही राहत नाही, दहा-बारा मिनिटांत आवरावं लागतं. काय दाखवायचं नाही हे ठरवण्यातच कोचचा अर्धा वेळ जातो.

जमील मुंबई एफसीमध्ये सात हंगाम राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये, जिथे चार पराभव झाले की कोच बदलतो, तिथे हा काळ फार मोठा. महागडे खेळाडू नव्हते. मिळेल त्या खेळाडूंतून संघ बांधायचा, आधी गोल खायचा नाही, चेंडू मिळाला की वेळ न घालवता पुढे धाडायचा, थ्रो-इन आणि कॉर्नरमधून जे मिळेल ते घ्यायचं. संघ चषकांच्या जवळ गेला नाही, पण या सात हंगामांत खालीही घसरला नाही. प्रेक्षकांना हा खेळ रुक्ष वाटायचा, आणि ती तक्रार खोटी नव्हती. पण तुटपुंज्या साधनांत संघ तगवून ठेवण्याची कला जमील तिथेच शिकले. 2016 मध्ये क्लबनं त्यांना निरोप दिला.

मिझोरामच्या आयझॉल एफसीनं त्यांना बोलावलं. हा संघ आधीच्या हंगामात आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे त्याला परत घेण्यात आलं होतं. जमील मुंबईहून आशुतोष मेहता आणि जयेश राणे या ओळखीच्या खेळाडूंना घेऊन गेले. सीरियाचा महमूद अल-अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन मधल्या फळीत आले. बाकी बहुतेक स्थानिक मिझो पोरं, ज्यांचा वेग आणि दम हीच ताकद. मुंबईतली पद्धत जमील यांनी जशीच्या तशी तिथे लादली नाही. बचावाची शिस्त तीच ठेवली, पण चेंडू मिळाल्यावर या पोरांना पळू दिलं. घरच्या मैदानावरच्या कृत्रिम हिरवळीवर आणि डोंगरातल्या हवेत पाहुणे संघ दमून जायचे.

22 एप्रिल 2017 ला आयझॉलमध्ये मोहन बागानशी गाठ पडली. खजिन्यानं आणि इतिहासानं कितीतरी मोठा क्लब. 83 व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टेनं हेडरवर गोल मारला आणि सामना 1-0 असा संपला. आता 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरे होती. पण नवव्या मिनिटाला दिपांडानं लाजाँगला आघाडी मिळवून दिली. त्याच वेळी कोलकात्यात बागान खेळत होता, आणि तो जिंकला तर आयझॉलला गोल हवाच होता. मध्यंतराला आयझॉल मागेच. अशा वेळी कोचच्या हातात पंधरा मिनिटांची विश्रांती आणि तीन बदली खेळाडू, एवढंच असतं. सगळे पुढे लोटले तर दुसरा गोल बसण्याचा धोका. जागेवर राहिले तर घड्याळ पळतंय. आयझॉलनं आपला आकार मोडला नाही. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी केली आणि ती शेवटपर्यंत टिकली. आयझॉल 37 गुण, बागान 36. ईशान्येकडच्या क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंद पडला.

एवढं झाल्यावर एखाद्या देशात कोचच्या दारात रांग लागली असती. जमील ईस्ट बंगालला गेले, चौथे आले, काम सुटलं. मोहन बागानमध्ये अर्ध्या हंगामापुरतेच. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल 2014 पासून चालू होती, पण तिथे मुख्य कोच परदेशी आणि भारतीय माणूस त्याचा सहायक, अशीच वाटणी. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं आपल्या स्पॅनिश कोचला काढलं आणि हंगामापुरता संघ जमील यांच्याकडे दिला. उरलेल्या साखळी सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि उपांत्य फेरीत पोहोचला. तेव्हा कुठे ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांची कायम नेमणूक झाली. आयएसएलमधले ते पहिले कायम भारतीय मुख्य कोच. लीगचा आठवा हंगाम सुरू होत होता.

गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांची हकिगत मला जास्त लागते. डेम्पोचे आणि भारताचे मिडफिल्डर. आर्मांदो कोलासो यांच्या हाताखाली वाढलेले, ज्या कोलासोंनी डेम्पोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. एप्रिल 2023 मध्ये ओडिशा एफसीचे हंगामी कोच म्हणून क्लिफर्ड यांनी सुपर कप जिंकला, क्लबचा पहिलाच मोठा करंडक. त्यानंतरच्या हंगामासाठी क्लबनं सेर्जिओ लोबेरा या स्पॅनिश कोचला आणलं. लोबेरा उत्तम कोच आहेत, यात शंका नाही. पण करंडक जिंकून दाखवल्यावरही पुढचं वर्ष मिळत नसेल, तर तिशी ओलांडलेल्या खेळाडूनं लायसन्सच्या मागे का लागावं? अलोन्सो यांचा ब संघ घसरला, तरी त्यांच्यावरचा विश्वास उडाला नाही. आपल्याकडे जिंकूनही तो बसत नाही.

जमील मात्र टिकले. डिसेंबर 2023 मध्ये जमशेदपूर एफसी, 2024-25 मध्ये आयएसएलची उपांत्य फेरी, सुपर कपचा अंतिम सामना, लागोपाठ दोन वर्षं एआयएफएफचा सर्वोत्कृष्ट पुरुष कोचचा सन्मान. आणि 1 ऑगस्ट 2025 ला भारतीय संघाचं मुख्य प्रशिक्षकपद. 2012 मध्ये गोव्याचे सावियो मदेरा या पदावरून गेल्यानंतर तेरा वर्षांनी पूर्ण वेळ भारतीय कोच.

पहिला सामना एका स्पर्धेतला, 29 ऑगस्टला ताजिकिस्तानात हिसोर इथे, यजमानांविरुद्ध. पाचव्या मिनिटाला मोहम्मद उवैसचा लांब थ्रो-इन आणि अन्वर अलीचा हेडर. तेराव्या मिनिटाला संदेश झिंगनचा गोल. दोन्ही गोल बचावपटूंचे. उवैस जमशेदपूरमध्ये जमील यांच्याच हाताखाली खेळलेला. नंतर गोलरक्षक गुरप्रीतनं पेनल्टी अडवली आणि सामना 2-1 असा भारताच्या नावावर झाला. मुंबई एफसीचे ते रुक्ष दिवस ज्यांनी पाहिले होते, त्यांना त्या थ्रो-इनमागचा सराव ओळखू आला असेल. त्या स्पर्धेत भारतानं ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

ऑक्टोबरात मात्र आशिया कपच्या पात्रता फेरीत सिंगापूरशी त्यांच्या घरी 1-1 अशी बरोबरी झाली आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगटेच्या गोलनं आघाडी घेऊनही 1-2 असा पराभव. भारत स्पर्धेबाहेर गेला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनंही 1-0 नं हरवलं. टीका झाली, ती व्हायलाच हवी होती.

पण या टीकेत एक गोष्ट बाजूला राहते. क्लबच्या कोचला खेळाडू रोज सकाळी मिळतात. चूक आज दाखवली तर उद्या सुधारून घेता येते. राष्ट्रीय कोचला ते फिफानं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांत मिळतात, तेही क्लबमध्ये वेगळ्याच पद्धती घोकून आलेले. ‘स्टॉप’ म्हणून थांबवायला आणि पुन्हा करून घ्यायला वेळच नसतो. उरलेला काळ सामने पाहण्यात आणि माणसं निवडण्यात जातो. सुनील छेत्रीला आधी बाहेर ठेवणं आणि सिंगापूरसाठी परत बोलावणं, हा त्या निवडीतलाच एक निर्णय. जमील यांनी एकदा खेळाडूचं कोच होणं शिकून घेतलं, त्याला सात हंगाम लागले. आता क्लबच्या कोचचं राष्ट्रीय कोच होणं ते शिकताहेत, आणि ते चार-पाच सामन्यांत येत नाही. त्यांना निदान एका पूर्ण पात्रता फेरीचा काळ मिळावा, आणि त्या काळात मिरांडा किंवा भारताच्या 23 वर्षांखालील संघावर काम करणारे मुंबईचे नौशाद मूसा यांच्यासारख्यांना क्लबांनी अखंड दोन-तीन हंगाम द्यावेत, एवढी मागणी आपण प्रेक्षकांनी लावून धरली पाहिजे.